कोबीच्या पानामागें

थंडीच्या दिवसांत उशिरां उठण्याचें सुख ज्यांना मनसोक्त भोगावयाचें असेल, त्यांनीं परसांत कोबी लावूं नये. शेवंती लावावी, गुलाब लावावा, फार तर ओट्याच्या कडेला झेंडूचीं चार रोपें लावावीं. पण कोबी, फ्लॉवर, टोमॅटो आणि हरभरा यांच्या वाटेस जाऊं नये. पावसाळा संपून हवेंत गारवा आला, म्हणजे आपल्याला जशी दुलईची आठवण होते, तशी कांहीं जीवांना आपल्या बागेची होते. दिवाळीच्या आगेमागें लावलेलीं रोपें मार्गशीर्षांत अंग धरूं लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास, आपण गाढ झोपेंत असतांना, करड्या रंगाची, कोणाच्याहि नजरेंत न भरणारी पतंगाची मादी येते व कोंवळ्या पानावर खसखशीहून बारीक अंडीं घालून निघून जाते. तिच्या येण्याची वर्दी कोणी देत नाहीं. ती मिळते आठवड्याभरानें, पानाला पडलेल्या पहिल्या छिद्रावरून. आणि त्या दिवसापासून घरांतल्या एका तरी माणसाची साखरझोप संपते.

आमच्या घरांत तें माणूस मी आहें. पुण्यांत आमच्या घरामागें जेमतेम अर्ध्या गुंठ्याचें परसूं आहे आणि पुढच्या दारीं सतरंजीएवढी हिरवळ. खऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा बाहुलीचा संसारच. परंतु गेलीं पंधरा वर्षें दर हिंवाळ्यांत या तुकड्याची राखण करतांना ज्या मंडळींशीं माझा परिचय झाला, ती मोठ्या शेतांतहि याहून वेगळी नसते. अळी म्हटली, कीं पुष्कळांच्या अंगावर शहारा येतो आणि साऱ्या अळ्या एकाच माळेचे मणी वाटूं लागतात. वास्तविक माणसांत जितके स्वभाव, तितकेच अळ्यांतहि आहेत. आणि ज्याला त्यांचा बंदोबस्त करावयाचा आहे, त्यानें आधीं त्यांचे स्वभाव ओळखले पाहिजेत.

पहिली, रोपें कुरतडणारी अळी. ही जातीची चोर. दिवसां रोपाच्या आसपास मातींत दडून बसावें आणि रात्रीं वर येऊन कोंवळें रोप जमिनीलगत कापावें, हा तिचा नित्यक्रम. कापलेलें रोप सगळें खाईल तर शपथ! एक अर्धें टाकून ती दुसऱ्याकडे वळते, आणि सकाळीं वाफ्यांत पाहावें तों कालचीं टवटवीत रोपें तोडलेल्या फांद्यांसारखीं आडवीं झालेलीं. अशा रोपाभोंवतालची माती बोटांनीं उकरली, तर काळपट, तेलकट अंगाची ती अळी हातीं लागते आणि स्पर्श होतांच चंद्रकोरीसारखी वळून मेल्याचें सोंग घेते.

दुसरी कोबी-फ्लॉवरवरची. तिच्या पतंगाच्या मिटलेल्या पंखांवर फिकट चौकोनांची ओळ दिसते, म्हणून त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. ही अळी हिरवी आणि बोटाच्या पेराहूनहि लहान. ती पानाच्या खालच्या अंगानें खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. त्यामुळें पानाला प्रथम छिद्रें न पडतां जणुं अभ्रकाच्या खिडक्या बसतात. तिला हात लावला, कीं ती तडफडत मागें सरते आणि रेशमाच्या तंतूला लोंबकळत खालीं उतरते. आपण पाठ फिरवली, म्हणजे त्याच तंतूनें वर चढते.

तिसरी घाटे अळी. हिच्या खादाडपणाचें वर्णन करावें तेवढें थोडें. हरभरा, तूर, टोमॅटो, कपाशी, कांहींहि तिला वर्ज्य नाहीं. आणि रंग तर कधीं हिरवा, कधीं पिवळट, कधीं तपकिरी. हरभऱ्याच्या घाट्यांत डोकें खुपसून आणि उरलेलें अंग बाहेर ठेवून ती दाणा पोखरीत असते. पंगतींत ताटावर ओणवें झालेलें एखादें माणूस पाहिलें, कीं मला हटकून तिची आठवण होते. एकटी घाटे अळी आपल्या हयातींत तीस-चाळीस घाटे रिकामे करते, असें कृषिशास्त्रज्ञ सांगतात. चौथी लिंबावरची व कढीनिंबावरची. लहानपणीं ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली म्हणजे पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली तर मानेमागून दोन लालसर शिंगें बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढें तिचें सुंदर फुलपाखरूं होतें. पण तिच्याविषयीं मागाहून.

इतकी ओळख झाल्यावर उपायांचा मार्ग आपोआप दिसूं लागतो. चोर रात्रीं फिरतो, तर त्याला रात्रीं किंवा पहाटे गांठावें. हातांत विजेची बत्ती आणि साबणाच्या पाण्याचा डबा घेऊन मी उजाडण्यापूर्वी वाफ्यांतून एक फेरी मारतों. कुरतडणाऱ्या अळीसाठीं आदल्या संध्याकाळीं ओलसर गवताचे लहान ढीग वाफ्यांत ठेवावे. रात्रभर भटकून ती सकाळीं त्यांच्या आश्रयाला येते आणि ढीग उचलला कीं सांपडते. नव्या रोपाभोंवतीं पुठ्ठ्याचें कडें करून तें दोन बोटें मातींत रोवलें, तर तिला देठापर्यंत पोंचतां येत नाहीं. हिरवळीवर साळुंक्या एकाच जागीं पुन्हा पुन्हा चोंच खुपसूं लागल्या, तर खालीं अळ्या असाव्यात असें समजावें. खात्री करावयाची असेल, तर बादलीभर पाण्यांत दोन चमचे भांड्यांचा पातळ साबण मिसळून हातभर जागेवर ओतावा. दहा मिनिटांच्या आंत अळ्या स्वतः होऊन वर येतात. त्या मोजाव्या. दोनचार असतील, तर साळुंक्यांवर काम सोंपवून स्वस्थ बसावें.

स्वस्थ बसण्याचा हा सल्ला आळसाचा नव्हे. बागेंत आपले पगार न घेणारे नोकर किती आहेत, याचा हिशेब आपण क्वचितच ठेवतों. खिडकीच्या चौकटींत किंवा भिंतीच्या कोपऱ्यांत चिखलाचें इवलेंसें मडकें बांधणारी कुंभारीण माशी सर्वांनीं पाहिली असेल. ती हिरव्या अळ्या शोधून काढते, त्यांना डंख मारून लुळ्या करते आणि त्या मडक्यांत भरून, आपलें अंडें आंत ठेवून तोंड बंद करते. अंड्यांतून निघालेलें पोर त्या ताज्या शिधासामग्रीवर वाढतें आणि कांहीं दिवसांनीं मडकें फोडून माशी होऊन उडून जातें. आंत गेली ती अळी आणि बाहेर आली ती माशी, एवढेंच पाहणाऱ्यांना दिसे; त्यावरून अळीनें माशीचें अखंड ध्यान केलें व ती तद्रूप झाली, असा अर्थ आपल्या पूर्वजांनीं काढला आणि भ्रमर-कीटक न्याय जन्माला आला. गुरुशिष्यांच्या ऐक्याला इतका समर्पक दृष्टान्त दुसरा मिळाला नसता, आणि परमार्थांत तो खुशाल चालूं द्यावा. प्रपंचांत मात्र ध्यानीं ठेवावें, कीं ती अळी तद्रूप झालेली नसून जेवणांत खर्चीं पडली आहे. म्हणून दिवाळीच्या साफसफाईंत चिखलाचीं तीं मडकीं खरवडून काढूं नयेत.

असेच आणखी कांहीं सूक्ष्म कीटक आहेत. ते अळीच्या अंगांतच अंडें घालतात; त्यांचें पोर आंतून अळीला पोखरून बाहेर पडतें आणि तांदळाच्या कणीएवढा पांढुरका कोष पानावर विणतें. हीं अळीचींच अंडीं असावींत असें समजून पुष्कळ लोक ते कोष चिरडून टाकतात. मी ते पाहिले, म्हणजे त्या पानाला हातहि लावीत नाहीं.

आतां औषधांकडे वळूं. हातानें अळ्या आटपेनाशा झाल्या, तर मी प्रथम निंबोळीला शरण जातों. उन्हाळ्यांत वेंचून सुकवलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून, पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत घालावी, दुसऱ्या दिवशीं फडक्यानें गाळून त्यांत थोडा साबण मिसळावा आणि संध्याकाळीं पानांच्या दोन्ही अंगांना फवारावें. निंबोळी अळीला तत्काळ मारीत नाहीं. ती अळीची अन्नावरची वासना उडवते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. १९६२ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं टोळधाडीच्या वेळीं निंबोळीचें पाणी पिकांवर शिंपडून पाहिलें, तेव्हां टोळांनीं त्या पिकाला तोंड लावलें नाहीं. आपल्या आज्या धान्याच्या कणग्यांत कडुनिंबाचा पाला घालीत, त्यामागील अनुभवाला अशी शास्त्राची साक्ष मिळाली.

दुसरें औषध जिवाणूंचें. १९०१ सालीं जपानांत इशिवाता या शास्त्रज्ञाला मरणोन्मुख रेशमी किड्यांत एक जिवाणू आढळला. पुढें जर्मनींत बर्लिनर यानें थुरिंजिया प्रांतांतून आलेल्या पिठावरील पतंगाच्या अळींत तोच पाहिला आणि १९१५ सालीं त्याचें बॅसिलस थुरिंजिएन्सिस असें नांव ठेवलें. रेशीम पिकवणाऱ्याचा जो शत्रु, तोच कोबी पिकवणाऱ्याचा मित्र ठरला! हा जिवाणू अळीच्या पोटांत गेल्यावरच काम करतो. म्हणून अळ्या लहान असतांना, पानाच्या पाठीमागें नीट पोंचेल असा तो फवारावा लागतो, आणि थंडींत अळ्यांचें खाणें मंदावलेलें असल्यामुळें परिणाम दिसण्यास धीर धरावा लागतो. घाटे अळीवर तर एक विषाणूच उपलब्ध आहे. त्याची बाधा झालेल्या अळ्या झाडाच्या शेंड्याकडे चढतात आणि तेथें उलट्या लटकून मरतात. उन्हानें तो निकामी होतो, म्हणून त्याची फवारणी सूर्य कलल्यावरच करावयाची.

यावर कोणी म्हणेल, कीं इतका द्राविडी प्राणायाम कशाला? दुकानांतून जालीम विषाची बाटली आणावी आणि मोकळें व्हावें. जगानें तें करून पाहिलें आहे. १९३९ सालीं पाउल म्यूलर यास डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण आढळला आणि १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. कीटकांचें राज्य आतां संपलें, असें त्या काळीं अनेकांना वाटलें. परंतु अवघ्या पांच वर्षांनीं, १९५३ सालीं, जावा बेटावरून वार्ता प्रसिद्ध झाली, कीं कोबीवरील हीच पेरभर अळी डी. डी. टी. ला दाद देईनाशी झाली आहे. त्यानंतर एकामागून एक नवीं विषें आलीं आणि ही अळी एकेक पचवीत गेली. एवढेंच नव्हे, तर १९९० च्या सुमारास हवाई बेटांवर, जेथें जिवाणूंचें औषध वारंवार फवारलें जात असे, तेथें तिनें त्यालाहि हार दिली नाहीं. यांत जादू नाहीं. दर फवारणींत कांहीं थोड्या चिवट अळ्या वांचतात आणि पुढची पिढी त्यांचीच असते. तेव्हां औषध सौम्य असो वा जालीम, तें डोळे मिटून रोज वापरलें कीं निकामी होणारच. औषधाला अळी सरावते. राखणदाराच्या डोळ्यांना ती अजून सरावलेली नाहीं.

हें सारें मी एका हिंवाळ्यांत माझ्या वडील बंधूंना, दादांना, मोठ्या उत्साहानें सांगितलें. दादा नारायणगांवाजवळ आमची वडिलोपार्जित शेती पाहतात. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "अरे, तुझीं कोबीचीं रोपें मोजून चोवीस. माझा हरभरा तीन एकर. मी बत्ती घेऊन अळ्या वेंचायला बसलों, तर हरभरा संपेल, अळ्या संपतील कीं नाहीं देव जाणे, पण मी मात्र नक्की संपेन." या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि पुरतें नाहीं. ज्याचें वर्षाचें अन्न पिकावर अवलंबून आहे, त्याला परसांतल्या हौशी माळ्यानें धीराचे धडे देणें शोभत नाहीं.

पण दादांच्याच शेतावर त्याच सुमारास एक गोष्ट घडली. फवारणी करणारा एक तरुण गडी, तोंडाला नुसता रुमाल बांधून दिवसभर पंप मारीत होता. तो दुपारीं बांधावर चक्कर येऊन पडला. दवाखान्यांत दोन दिवस काढून तो बरा झाला, परंतु दादा त्या दोन रात्रीं झोंपले नाहींत. १९१७ सालची प्लेगची सांथ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकावी, तशी २०१७ सालची यवतमाळची हकीकत त्यांनीं वर्तमानपत्रांतून वाचलेली होती. त्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस तेथें कपाशीवर विष फवारतांना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. ज्या अळीसाठीं तें विष होतें, तिच्या मानानें हें मोल फारच भारी होतें.

पुढच्या वर्षीं दादांनीं हेक्टरीं पांच या प्रमाणानें कामगंध सापळे लावले. मादी पतंगाच्या अंगाचा गंध नराला दूरवरून ओढून आणतो, या तत्त्वावर ते चालतात. अशा गंधाचें पहिलें द्रव्य १९५९ सालीं जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनीं सुमारें पांच लाख रेशमी पतंगांपासून वेगळें काढलें, आणि तें भरलें अवघें कांहीं मिलिग्रॅम! सापळ्यांत दोन-तीन रात्रीं सतत आठ-दहा पतंग आले, तरच दादा पुढची तयारी करतात. मग शेताच्या निरनिराळ्या जागीं तासावर उकिडवें बसून, एक मीटर ओळींत अळ्या किती, हें मोजतात. एकदोन अळ्या आढळल्या, तरच निंबोळी किंवा विषाणू. हरभऱ्यांत त्यांनीं अधूनमधून ज्वारीचे दाणे टाकले आहेत. त्या ताटांवर कोळसे आणि साळुंक्या येऊन बसतात आणि पोटभर अळ्या टिपतात. त्यांचें पीक सोळा आणे सुरक्षित झालें, असें मी म्हणणार नाहीं. एका वर्षीं ढगाळ हवा लांबली आणि त्यांना रासायनिक औषध एकदां फवारावेंच लागलें. परंतु तें त्यांनीं मोजून, पाहून आणि गड्याच्या अंगावर नीट पोशाख चढवून फवारलें. माझें चोवीस रोपांचें परसूं आणि त्यांचें तीन एकर यांत समान असें एकच आहे: करण्याआधीं पाहणें. विषाची बाटली आपल्याला खरोखर काय विकत देते? अळीपासून सुटका नव्हे; ती पाहण्याच्या कष्टापासून सुटका विकत देते.

माझ्या परसांत विष नाहीं, याचें आणखी एक कारण सात वर्षांचें आहे. माझी नात चिमी सुटींत आली, कीं दिवसांतून दहा वेळां हरभऱ्याच्या ओळींत जाऊन बसते आणि घाटे सोलून तेथेंच तोंडांत टाकते. पानांची आंब बोटांना लागते, तीं बोटेंहि ती चाटते. त्या आंबेंत मॅलिक आणि ऑक्झॅलिक हीं आम्लें असतात, आणि ऑक्झॅलिक आम्लानें घाटे अळीची वाढ खुंटते. म्हणजे हरभरा आपल्या परीनें स्वतःची राखण करीतच असतो. पूर्वीं खेड्यांतून रात्रीं हरभऱ्यावर फडकें पसरून ठेवीत आणि पहाटे दंवाबरोबर उतरलेली आंब पिळून पोटाच्या दुखण्यासाठीं जपून ठेवीत. ज्या पानांची आंब औषध म्हणून पोटांत जात असे, त्याच पानांवर विष शिंपडून लेकरांना "हात लावूं नको" म्हणावें लागावें, ही प्रगति मला पटत नाहीं.

एकदां सकाळीं माझ्या डब्यांत डोकावून चिमीनें विचारलें, "आजोबा, यांतलीं फुलपाखरें कुठलीं होणार होतीं?" मी म्हटलें, "कुठलींच नाहीं. यांचे करडे पतंग होतात." "मग ठीक आहे," असें म्हणून ती निघून गेली. तिचा तो न्याय ऐकून मला हंसूं आलें नाहीं. दिसायला सुंदर त्याला अभय आणि करडा त्याला साबणाचें पाणी, हाच न्याय आपण मोठीं माणसेंहि कोठें कोठें लावीत असतों! अळ्या मारणें हें काम सुखाचें नाहीं आणि गोड शब्दांनीं तें झांकण्याचें कारण नाहीं. पण त्यालाहि कांहीं नियम असावा. माझा नियम रूपाचा नाहीं, नुकसानीचा आहे. कढीनिंबाचें मोठें झाड लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्यांनीं निम्मे बोडकें केलें, तरी महिन्याभरांत तें पुन्हा पालवतें. म्हणून तेथें त्यांना मोकळीक. त्याच अळ्या लिंबाच्या वीतभर रोपावर आल्या, तर त्यांना उचलून कढीनिंबावर नेऊन सोडतों. कोबीचा गड्डा धरण्यापूर्वीं बाहेरच्या पानांना पडलेलीं दहावीस छिद्रें मी मोजीतहि नाहीं. आंतला कोंब खाणारी अळी मात्र सोडीत नाहीं. करड्या पतंगालाहि त्याचा वांटा आहे, फक्त तो मर्यादेंत असावा.

ज्यांच्या घरीं परसूं नाहीं, त्यांनीं हें प्रकरण आपलें नव्हे असें मात्र समजूं नये. मंडईंत आपण फ्लॉवरचा गड्डा हातांत घेऊन चहूंबाजूंनीं फिरवतों; एखादें छिद्र, एखादा काळा ठिपका दिसला, कीं तो खालीं ठेवून पांढराशुभ्र, निष्कलंक असा दुसरा उचलतों. भाजीवाली तें पाहते, अडत्याला सांगते, आणि अडत्याचा निरोप शेतकऱ्याच्या बांधावर पोंचतो. पानाला छिद्र नको, असा आपण जो हुकूम सोडतों, त्याची अंमलबजावणी तोंडाला रुमाल बांधलेला एक तरुण पंप पाठीवर घेऊन करीत असतो. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यांत घटकाभर बुडवून ठेवले, तर आंतली अळी आपोआप वर येते. हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. अळीसाठीं तेवढें मीठ आणि तेवढी घटका आपण खर्चीं घातली, तर कोठेंतरी एक फवारणी टळेल. पुढच्या खेपेस मंडईंत छिद्र पडलेलें पान हातीं आलें, तर तें बाजूला सारण्यापूर्वीं क्षणभर उलटून पाहावें. कोणीतरी आपल्याआधीं तें खाऊन पाहिलेलें आहे, आणि तें जिवंत आहे. खाणाऱ्याला याहून विश्वासाची शिफारस दुसरी कोणती हवी?